अंगणवाली की खोलीवाली

निळ्या चिकटपट्टीची रुंदी पाच सेंटिमीटर होती, आणि धाकट्याने ती रेषेच्या आतल्या बाजूने लावली होती.

भाऊने पिवळी पट्टी लावताना तसं केलं नव्हतं. त्याने आधी खडूने रेष मारली आणि पट्टी रेषेच्या बाहेर बसवली, म्हणजे पिवळ्या बोटीत पट्टीची आतली कड हीच भिंत. निळ्या बोटीत भिंत बाहेरच्या कडेला होती, पण ते फक्त लावणाऱ्यालाच ठाऊक. बाकीचे सगळे पट्टीलाच भिंत समजून आतून चालणार. दोन्ही बाजूंचे मिळून दहा सेंटिमीटर गेले. मोठ्या जागेत ते कुणाला जाणवले नसते, पण सुकाणूच्या चाकापासून खाली केबिनकडे जाणारी वाट मुळातच साठ सेंटिमीटरची होती. तिथे दहा म्हणजे सहावा हिस्सा.

कारखान्याच्या दारात उभी राहून ताई हे पाहत होती. कपाटांचे सांगाडे, प्लायचे गठ्ठे, करवतीचं मशीन, सगळं भिंतींना सरकवून भाऊने मधली फरशी मोकळी केली होती. भुसा झाडला होता, तरी कोपऱ्यांत राहिलाच होता. मोकळ्या फरशीवर शेजारी शेजारी दोन बोटी आखलेल्या होत्या, एक पिवळी, एक निळी, दोन्हींची टोकं खिडकीकडे. वडिलांची, आप्पांची, ही पद्धत. जमिनीवर पूर्ण मापात आखल्याशिवाय लाकडाला करवत लावायची नाही. गिऱ्हाइकाला नकाशा कळत नाही, पाय कळतात, असं ते म्हणायचे. आप्पा जाऊन चार वर्षं झाली, तरी या घरात कुठलाही मोठा निर्णय फरशीवरच होत होता.

ताईचा स्वतःचा निर्णय मात्र फरशीवर यायचा राहिला होता. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती एकवीस वर्षं काम करत होती. वरच्या धरणापाशी नवी प्रयोगशाळा होत होती. ती चालवायला तिने जावं, असं साहेबांनी पहिल्यांदा विचारलं ते आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी. घरी विचारून सांगते, असं ती म्हणाली. मग ऑपरेशन झालं. मग भाचीला, चिमणीला, कांजिण्या आल्या. मग बोट घ्यायची टूम निघाली. घरी विचारायचं राहूनच गेलं, आणि ते राहून जाण्यात आपला हात किती, हे ताईला चांगलं ठाऊक होतं. परवा साहेब म्हणाले होते, "सोमवारी सकाळी मला उत्तर हवं. नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. पण काहीतरी म्हणा." आज रविवार होता.

"ताई, ये ना आत," धाकटा म्हणाला. "अशी काय किनाऱ्यावर उभी? बोट सुटेल."

ताई आत गेली आणि त्याला पट्टीचं सांगितलं. धाकटा दातांचा डॉक्टर. मिलिमीटरच्या गोष्टी करणाऱ्याने पाच सेंटिमीटर खाल्ले म्हणून भाऊ मनसोक्त हसला आणि म्हणाला, आता कळलं, तुझे पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे का जातात. पण पट्टी लगेच काढून नीट लावली गेली. ताईचं माप म्हटल्यावर या घरात कुणी दुसऱ्यांदा मोजत नसे.

दोन्ही बोटींची लांबी साडेनऊ मीटर होती. त्याहून मोठी धक्क्यावर मिळालेल्या जागेत मावत नव्हती. लांबी तीच, किंमतही जवळपास तीच, म्हणून प्रश्न एवढाच उरत होता की एवढ्या लांबीत काय बसवायचं आणि काय सोडायचं. भाऊची पिवळी ती अंगणवाली. तिला मागे ऐसपैस मोकळी जागा होती, दोन्ही बाजूंनी बाकडी, वर उघडझाप करणारं कापडी छत. स्वयंपाकाचा ओटा वरच, चाकाजवळ, टेबलाला लागून. खाली पुढच्या टोकात झोपायची एकच केबिन. धाकट्याची निळी ती खोलीवाली. तिचं अंगण तोकडं, चार माणसं बसली की पाचव्याने पाय पोटाशी घ्यायचे. पण त्या अंगणाच्याच पोटात दुसरी केबिन होती, स्वतःच्या दारासकट. ओटा खाली होता, तीन पायऱ्या उतरून. टेबल वर, चाकामागे.

ही नावं आईने ठेवली होती. तीन महिने घरात याच दोन नावांवरून रण माजलं होतं. घ्यायची कुठली हे ठरण्याआधीच तिच्यात कोण कुठे बसणार यावरून दोन जेवणं मुकाट्याने पार पडली होती. आईने एकदा ऐकवलंही, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पण मग तिनेच तिसऱ्या दिवशी विचारलं होतं की खोलीवालीत उन्हात बसायला जागा आहे का.

भाऊच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण ती शाळेत मुख्याध्यापिका होती आणि घरीही तशीच बोलायची. तिला खोलीवालीच हवी होती. तिचं म्हणणं सोपं होतं. माणसं चार दिवस एकत्र आनंदाने राहतात ती मध्ये दार असतं म्हणून. भाऊला अंगण हवं होतं. त्याला मासे धरायचे होते, आणि इंजिनपर्यंत नीट हात पोहोचायला हवा होता. खोलीवालीत इंजिनाचं झाकण उघडायचं तर आधी मागची बाकडी उचलायला लागत. धाकटा बाईंच्या बाजूचा. त्याची बायको, धाकटी, अजून तळ्यात-मळ्यात करत होती. ती बोलायची कमी, पण बोलली की पारडं फिरायचं.

आईला खुर्ची दिली होती चाकाच्या जागी. नव्या गुडघ्यावर काठी आडवी ठेवून ती दोन्ही बोटींकडे आळीपाळीने पाहत होती. ताईला आईचा तो चेहरा ओळखीचा होता. दुकानात साडी उलगडून घेताना आई अशी बसायची, म्हणजे घ्यायची कुठली हे आधीच ठरलेलं.

भाऊने मग दोन घोड्या आणल्या, करवतकामाच्या त्या चारपायी लाकडी घोड्या, आणि त्यांवर प्लाय टाकून मागच्या केबिनचं छत केलं. पलंगापासून छतापर्यंत नव्वद सेंटिमीटर. बोट विकणाऱ्याने ही उंची फोनवर अगदी खालच्या आवाजात सांगितली होती. धाकटा उत्साहाने प्लायखाली शिरला, आडवा झाला, फार छान आहे म्हणाला, आणि उठताना डोकं आपटलं. दुसऱ्यांदा उठतानाही आपटलं.

"रोज सकाळी असंच उठणार का?" धाकटीने विचारलं.

"सवय होते."

"तुला दारात वाकायची सवय झाली नाही अजून, आपल्याच घरी."

तिने मग चटईवर बसून शांतपणे एकेक मुद्दा काढला. चिमणी सहा वर्षांची आहे. ती मागच्या बिळात एकटी झोपणार नाही, आणि इंजिनाच्या शेजारी तिला झोपवायचंही नाही. आम्ही तिघं पुढच्या केबिनमध्ये एकत्र मावत असू तर खोलीवाली. नाहीतर अंगणवालीत मागे छत लावून झोपू, निदान हवा तरी लागेल. धाकट्याने बायकोकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि म्हणाला की हेही बरोबर आहे म्हणा. बाईंनी चष्मा काढून पुसला. आपला हुकमी माणूस डोळ्यांदेखत फितूर झाला, हे त्यांनी विद्यार्थ्याच्या गैरहजेरीसारखं फक्त नोंदवून घेतलं.

म्हणून सगळे निळ्या बोटीच्या पुढच्या टोकाशी जमले. तिथला पलंग त्रिकोणी होता. डोकी रुंद बाजूला, पाय टोकाकडे. धाकटा, धाकटी आणि मध्ये चिमणी फरशीवर आडवी झाली आणि सहज मावली. चिमणीने हात पसरून दाखवले, तरी दोन्हीकडे जागा उरली. बाईंचा चेहरा उजळला. भाऊने उसासा टाकला. प्रश्न सुटल्यासारखाच होता.

ताई वाकून पट्टीकडे पाहत होती. तिला बोलायचं नव्हतं. पण चुकीचं माप दिसलं की गप्प राहणं तिला जमत नसे. निदान मापाच्या बाबतीत तरी नाही.

"ही बोटीची वरची कड आहे," ती म्हणाली. "पलंग खाली असतो."

भाऊला कळलं नाही. तिने मग समजावलं. नकाशा वरून काढलेला असतो, त्यात सगळ्यात बाहेरची रेषा म्हणजे बोटीचा वरचा काठ. कपाटात वरची रुंदी आणि खालची रुंदी एकच असते, कारण फळी ओळंब्यात उभी राहते. बोटीची भिंत खाली येताना आत वळत जाते, आणि पुढच्या टोकाला तर सगळ्यात जास्त. पलंगाच्या उंचीवर ती किती आत आलेली असेल हे या कागदावर नाही, पण धक्क्यावर पाहिलेल्या बोटींवरून अंदाज करता येतो. तिने खडू घेतला आणि निळ्या पट्टीच्या आत दुसरी रेष मारली. रेष धाकटीच्या दंडावरून आणि धाकट्याच्या खांद्यावरून गेली. पायांशी तर तिघांच्या सहा पावलांना मिळून दोघांची जागा उरली.

भाऊने रेषेवर वीत टाकून पाहिली. तीन पिढ्या कपाटं केल्यावर जगातली प्रत्येक भिंत सरळ दिसते, असं तो म्हणाला, आणि आप्पा असते तर आपल्याला ओळंबा घेऊन बोटीभोवती फिरवलं असतं. मग त्याने विकणाऱ्याला फोन लावला, पलंगाचं माप विचारलं, आणि ऐकून फोन ठेवला. ताईचा अंदाज फक्त दोन बोटं इकडेतिकडे निघाला.

मग खऱ्या गणिताला सुरुवात झाली. पुढे फक्त दोघं, मागच्या बिळात दोघं. आई वर चाकाशेजारच्या लांब बाकावर, कारण तिला पायऱ्या उतरायला नकोत. उरलं टेबल. हे टेबल खाली उतरवलं, त्यावर बाकांच्या गाद्या सरकवल्या, की पलंग व्हायचा. तो अरुंद होता, एका माणसाचा.

ताईने मनात नोंद केली की गेले तीन महिने दोन बोटींच्या मांडणीत सगळं हललं, ओटा खाली गेला, वर आला, संडास डावीकडून उजवीकडे गेला, भाऊ पुढून मागे गेला, फक्त एक गोष्ट दोन्ही नकाशांत जिथल्या तिथे राहिली. ताई टेबलावर. हे कुणी ठरवलं नव्हतं. म्हणूनच ते कधी चर्चेला आलं नाही. घरीही ती पुढच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायची. आप्पांच्या आजारपणात रात्री हाक ऐकू यावी म्हणून ती तिथे आली आणि तिथेच राहिली. सगळे झोपायला गेल्यावर गादी पसरायची आणि कुणी उठायच्या आत गुंडाळायची. तिची पूर्वीची खोली आता चिमणीच्या खेळण्यांची होती. यात कुणाची दुष्टाई नव्हती. पाणी जसं उताराकडे जातं, तशी गैरसोय जो बोलत नाही त्याच्याकडे जाते. ताईला याचा राग येत नव्हता, निदान रोज येत नव्हता.

"चिमणी टेबलावर," बाई म्हणाल्या. "आईंच्या समोर. म्हणजे रात्री घाबरणार नाही, आणि आईंनाही सोबत."

हे सगळ्यांनाच पटलं. धाकटीलाही. आईने मान हलवली.

"आणि आत्या?" चिमणीने विचारलं.

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं, आणि मग पटकन निळ्या पट्टीकडे. भाऊच पहिला सावरला. अंगणातल्या बाकड्यावर गादी टाकू, तो म्हणाला, बाजूने कापड खाली सोडू, वारा लागणार नाही. ताईला तशीही मोकळी हवा आवडते. धाकट्याने सुचवलं की पावसाचं असेल तर ओट्यापाशी खालच्या वाटेवर गादी घालता येईल, साठ सेंटिमीटर आहेत तिथे, मघाशी ताईनेच मिळवून दिलेले. आणि ताई बारीकच आहे. सकाळी पहिला चहा ठेवायलाही ओटा हाताशी, ही सोय बाईंनी दाखवली. त्या हे मनापासून बोलल्या. त्यांना ती खरोखर सोय वाटत होती.

"एकाला झाकावं तर दुसरा उघडा," आई म्हणाली. "आधी सगळे आपापल्या जागी झोपून दाखवा. मग बोला."

मग सगळे झोपले. दुपारच्या उजेडात, कारखान्याच्या फरशीवर, कपडे-चपलांसकट. धाकटा आणि धाकटी पुढे, खडूच्या रेषेच्या आत खांदे आवळून. भाऊ आणि बाई प्लायखाली. भाऊचे पाय घोडीच्या पायाला अडले, बाईंनी त्याला सरळ झोपायला सांगितलं, आणि तो म्हणाला की आपण सरळच आहोत, बोट वाकडी आहे. आईसाठी बाकाच्या जागी खरा बाक आणला होता, त्यावर ती उशी घेऊन टेकली. चिमणी गोंदाचा डाग पडलेल्या जुन्या घडीच्या टेबलाखाली शिरली, कारण हे टेबल खाली उतरत नव्हतं, आणि घोरायला लागली, तोंडाने आवाज काढत. कुणीतरी दिवा घालवा म्हणालं. कुणीतरी म्हणालं, कोण तो खोकतोय. भाऊने प्लायखालून विचारलं, संडासाची पाळी कुणाची. पुढून धाकटा म्हणाला, माझी, आणि उठला, आणि निघाला.

ताई वाटेत उभी होती. एका हातात घडी केलेली चादर होती. ती खाली अंथरायची तर धाकट्याला जायला वाट नव्हती. तो गेल्यावर अंथरायची तर परत येताना त्याने तिला ओलांडायला हवं. तिने अंग चोरलं, तो आडवा होऊन तिच्या पुढून सरकला, सॉरी ताई म्हणाला, पट्टीने आखलेल्या संडासाच्या चौकोनात क्षणभर उभा राहिला, आणि परत तसाच सरकून गेला. मग ती अंगणाकडे गेली. अंगणातलं बाकडं उचलून बाजूला ठेवलेलं होतं, कारण मघाशी भाऊने इंजिनाचं झाकण कसं उघडेल ते दाखवलं होतं. ते परत ठेवायचं तर प्लायच्या घोडीला धक्का लागत होता, आणि खाली भाऊ-बाई होते.

ती चादर घेऊन उभी राहिली. सात माणसांच्या बोटीत सहा माणसं झोपली होती, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. तिला हे अगदी स्पष्ट दिसत होतं, भांड्यातला गाळ खाली बसल्यावर दिसतं तसं. तिच्याशिवाय ही बोट बरोबर भरत होती. कुणाचा पाय कुणाला लागत नव्हता. आणि तिला वाईट वाटायला हवं होतं त्या जागी, ती स्वतःला तपासत असताना, वाईट वाटणं सापडेना. सापडली ती एक खोली, धरणाच्या वरच्या अंगाची. तिने ती एकदाच पाहिली होती, साहेबांबरोबर, प्रयोगशाळेची जागा पाहायला गेली तेव्हा. खोलीत लोखंडी पलंग होता. तो भिंतीला पक्का केलेला होता.

"जमलं की," भाऊ प्लायखालून म्हणाला. "बसलो सगळे. खोलीवाली घेऊ. ताई, तुझं काय? बसलीस?"

"नाही," ताई म्हणाली. "मला धरू नका. मी बोटीवर येणार नाही. सहाच माणसं धरा."

 मग धाकट्याचं डोकं वर आलं, मग बाईंचं, मग भाऊ कोपरांवर सरकत बाहेर निघाला, केसांत भुसा घेऊन. हे असं नाही चालणार, तो म्हणाला. पहिल्यापासून तुझंच हे असं, तू नेहमी मागे सरतेस आणि आम्ही सरू देतो. आप्पांच्या वेळी तसंच झालं. आता आमच्या बोटीपायी तू घरी एकटी बसणार, हे मला बघवणार नाही. नको ती बोट. धाकटाही म्हणाला, नको मग. बाईंनी डोळे टिपले. ताईला दिसलं की आणखी जरा वेळ ती गप्प राहिली तर हे लोक तिला फार मोठं करतील, बोट तिच्या नावावर रद्द होईल, आणि ती जन्मभर तिथेच राहील, कौतुकासकट, दिवाणावर.

आई उशीवरून उठून बसली होती. ती ताईकडे एकटक पाहत होती. दुकानात बसल्यावर असायचा तो चेहरा आता नव्हता. पुढे काय येणार हे तिला ठाऊक नव्हतं.

"तुझ्या मनात काय आहे ते सांग," आई म्हणाली. "यांचं राहू दे. बोटीचंही राहू दे."

ताईने चादर टेबलावर ठेवली.

"बोटीसाठी नाही सोडत मी जागा," ती म्हणाली. "बोट घ्या, खोलीवालीच घ्या, चांगली आहे. वरच्या धरणावर नवी प्रयोगशाळा होतेय. ती चालवायला त्यांनी मला विचारलंय, बऱ्याच दिवसांपूर्वी, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. आई, तुझं कसं करायचं ते आपण सगळे बसून ठरवू, पण मी जायचं की नाही हे ठरवायला नाही बसायचं. ते ठरलंय. उद्या सकाळी मी त्यांना हो सांगणार आहे, आणि पुढच्या महिन्यात तिथे राहायला जाणार आहे."